गिऱ्हाईक आणले एकाने, दलाली नेली दुसऱ्याने
ऑनलाइन बाजारातील कूपनवाले आणि आपली कष्टकरी मुले

दलाली हा शब्द हल्ली लोक नाक मुरडून उच्चारतात. वास्तविक 'दलाल' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ वाट दाखवणारा असा आहे. सुरतेचा माल नगरच्या कापड बाजारात येतो, मालेगावची लुंगी आणि साडी गावोगावच्या दुकानांत पोहोचते, त्यामागे कोणी तरी पार्टी दाखवणारा, दोन्ही बाजूंची हमी देणारा माणूस असतो. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातही त्याच्याशिवाय सौदा जुळत नाही. आम्ही कापडाच्या धंद्यातील माणसे तर दलालाचे महत्त्व चांगलेच जाणतो. ठोक व्यापाऱ्याच्या बिलावर दलालाच्या नावाची वेगळी जागा छापलेली असते. ऑर्डर लिहून घेतानाच तेथे नाव पडते. गठ्ठा गोदामातून निघताना दारात जो उभा असेल त्याचे नाव कोणी लिहीत नाही.

ही साधी गोष्ट प्रारंभीच सांगण्याचे कारण असे, की हाच दलालीचा धंदा आता मोबाइलवर आला आहे आणि आपल्या समाजातील पुष्कळ शिकलेली मुले त्यात उतरली आहेत. नोकरी मिळत नाही, दुकान टाकण्यास भांडवल नाही, म्हणून ही मुले व मुली यूट्यूब, इन्स्टाग्राम आणि टेलिग्रामवर मालाची माहिती देतात, खाली लिंक लावतात आणि त्या लिंकवरून कोणी खरेदी केली तर कंपनीकडून टक्केवारी मिळवतात. यास अफिलिएटचे काम म्हणतात. काम हलाल आहे, भांडवल लागत नाही, परदानशीन मुलीही घरात बसून ते करू शकतात. परंतु या मुलांची दलाली शेवटच्या क्षणी दुसराच कोणी घेऊन जातो, हे त्यांच्या लक्षात येत नाही. तो दुसरा म्हणजे कूपनवाला. आमच्या व्यापारी बंधूंनाही त्याच्यामुळे तोटा होतो. म्हणून हा विषय या पानावर घेत आहोत.

हिशेब कसा ठेवला जातो?

इंटरनेटवरील दलाली नवी नाही. अमेरिकेतील ॲमेझॉन कंपनीने १९९६ साली आपली 'असोसिएट्स' योजना सुरू केली. पुस्तकाची शिफारस करा, लिंक द्या, विक्री झाली की कमिशन घ्या, अशी ती योजना होती. पुढे जगभरच्या दुकानांनी तीच पद्धत उचलली. आज कपडे, चपला, भांडी, मोबाइल, विमानाची तिकिटे, इतकेच नव्हे तर बँकांची कार्डेही या मार्गाने विकली जातात.

लिंकवर बोट ठेवताच गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये एक अदृश्य चिठ्ठी ठेवली जाते. तिला कुकी म्हणतात. हे गिऱ्हाईक अमक्याने पाठवले, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. चिठ्ठीला मुदत असते. ॲमेझॉनच्या नियमाप्रमाणे ती साधारण २४ तासांची आहे. इतर दुकानांत ती कमीअधिक असते. या मुदतीत खरेदी झाली तर दलाली मिळते.

येथपर्यंत सर्व ठीक आहे. अडचण पुढच्या नियमात आहे. बहुतेक दुकाने शेवटच्या चिठ्ठीलाच मान देतात. म्हणजे गिऱ्हाईक सकाळी आपल्या मुलाच्या लिंकवरून दुकानात गेले आणि दुपारी पैसे भरण्यापूर्वी दुसऱ्या कोणाच्या लिंकवर त्याचे बोट पडले, तर पहिली चिठ्ठी रद्द होते. सारी दलाली दुसऱ्याची. पहिल्याने किती मेहनत केली, याची नोंद कोठेही राहत नाही.

कूपनवाला कोठे उभा असतो?

आपल्या देशात कूपनची संकेतस्थळे २०१० नंतर वाढली. 'कूपनदुनिया' २०१० साली निघाली आणि २०१४ मध्ये टाइम्स इंटरनेटने तिच्यात मोठा हिस्सा घेतला. 'कॅशकरो' २०१३ साली सुरू झाली. तिच्यात रतन टाटा यांनी २०१६ मध्ये स्वतःचे पैसे गुंतवले होते. हे चोरटे धंदे नव्हेत, उघड व नोंदलेल्या कंपन्या आहेत, हे स्पष्ट केलेच पाहिजे. गिऱ्हाइकाला सवलतीचा कोड दाखवायचा किंवा खरेदीनंतर काही पैसे परत द्यायचे आणि त्या बदल्यात दुकानाकडून दलाली घ्यायची, असा त्यांचा व्यवहार आहे. म्हणजे तेही आपल्या मुलांसारखेच अफिलिएट. फरक फक्त उभे राहण्याच्या जागेचा आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एखादी मुलगी पैठणीवर व्हिडिओ बनवते. हातमागाच्या पैठणीचा पदर मागूनही पुढच्यासारखाच स्वच्छ दिसतो आणि यंत्रमागावरच्या साडीला मागे मोकळे धागे सुटलेले असतात, हे ती साडी उलटून दाखवते. दोन दिवस मेहनत करून व्हिडिओ तयार होतो. एक गृहिणी तो पाहते, समाधान पावते, लिंकवरून दुकानात जाते, साडी निवडते आणि पैसे भरण्याच्या पानावर येते. तेथे एक रिकामी चौकट असते : 'कूपन कोड टाका'. बाईंना वाटते, इतरांना सवलत मिळते आणि आपण पूर्ण किंमत का द्यावी? त्या गूगलवर दुकानाचे नाव आणि पुढे 'कूपन' असे लिहून शोधतात. पहिलेच स्थळ कूपनवाल्याचे निघते. 'कोड पाहा' या बटणावर बोट ठेवताच कोड दिसतो आणि त्याच वेळी मागून दुकानाचे पान कूपनवाल्याच्या लिंकने पुन्हा उघडते. मुलीची चिठ्ठी गेली, कूपनवाल्याची बसली. पुष्कळदा तो कोड चालतही नाही. मुदत संपलेली असते. तरी चिठ्ठी मात्र बसलेली असते.

मुलीला यातले काहीच कळत नाही. तिच्या खात्यावर इतकेच दिसते की लिंकवर शेकडो लोक आले, विक्री मात्र दोन-चारच झाली. आपलाच व्हिडिओ कमी पडला असे समजून ती निराश होते.

नफा-तोट्याचा आकडा

व्यापाऱ्याला आकड्यांशिवाय समजत नाही, म्हणून सोपा हिशेब मांडतो. साडीची किंमत ५,००० रुपये आणि दलाली ८ टक्के धरा. कूपनवाला मध्ये आला नाही, तर मुलीला ४०० रुपये मिळतात आणि दुकानदाराच्या हाती ४,६०० रुपये राहतात.

आता शेवटच्या क्षणी १० टक्क्यांचे कूपन लागले. बिल ४,५०० चे झाले. त्यावर ८ टक्क्यांनी ३६० रुपये कूपनवाल्याकडे गेले. दुकानदाराच्या हाती ४,१४० रुपये राहिले, म्हणजे पूर्वीपेक्षा ४६० रुपये कमी. मुलीला शून्य. शंभरापैकी तीस गिऱ्हाइके अशी वळली असे मानले, तर मुलीचे ४०,००० पैकी १२,००० रुपये बुडतात आणि दुकानदाराचे १३,८०० रुपये जातात. गिऱ्हाइकाचे प्रत्येक साडीमागे ५०० रुपये वाचले, हे खरे. परंतु ते गिऱ्हाईक पाकीट काढून उभेच होते. त्याला आणण्यासाठी दुकानदाराने सवलतही दिली आणि दलालीही दिली, आणि ज्याने खरोखर आणले त्याला काहीच दिले नाही.

कूपनवाल्याची बाजूही ऐकली पाहिजे. काही गिऱ्हाइके सवलतीवाचून घेतच नाहीत, अर्ध्या वाटेवरून परत जातात. त्यांना थांबवून विक्री करून देणारा कूपनवाला काही तरी काम करतो. काही लोक तर थेट कूपनच्या स्थळावरूनच खरेदीस निघतात. तेथे दलाली निःसंशय त्याचीच आहे. आमचे म्हणणे केवळ त्या विक्रीपुरते आहे, जी आधीच झालेली होती.

शिंगणापूरच्या रस्त्यावरचे लटकू

आमच्या सोनईच्या लोकांना ही गोष्ट समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. शिर्डीहून राहुरीमार्गे शनिशिंगणापूरला जाणारी वाहने सोनईवरून जातात. दुसरीकडून नगर–संभाजीनगर रस्त्यावरील घोडेगावहून वळतात. या रस्त्यांवर वाहनांना हात दाखवून, प्रसंगी मोटरसायकल आडवी घालून, भाविकांना ठरावीक दुकानात पूजेच्या साहित्यासाठी नेणारे कमिशन एजंट असतात. त्यांना इकडे लटकू म्हणतात. वर्तमानपत्रांत त्यांच्याविरुद्ध तक्रारी अनेकदा छापून आल्या आहेत आणि पोलिसांनी कारवायाही केल्या आहेत.

भाविक शेकडो मैलांवरून निघालेला असतो. त्याला शिंगणापूरची वाट लटकूने दाखवलेली नसते. तो शेवटच्या दोन-तीन मैलांवर उभा राहतो आणि कमिशन मात्र पूर्ण घेतो. ते कमिशन कोठून निघते? पूजेच्या ताटाच्या किमतीतून. म्हणजे भाविक जादा देतो, सचोटीचा दुकानदार गिऱ्हाइकावाचून बसतो आणि गावाचे नाव खराब होते. ऑनलाइन बाजारात मोटरसायकल आडवी घालावी लागत नाही. एक रिकामी चौकट आणि एक बटण पुरते.

अमेरिकेतील 'हनी'चे प्रकरण

कूपनची स्थळे निदान गिऱ्हाइकाला स्वतःकडे यावे लागतील अशी असतात. त्यापुढची पायरी म्हणजे ब्राउझरमध्ये कायमचे बसून राहणारे छोटे सॉफ्टवेअर, ज्याला एक्स्टेन्शन म्हणतात. 'हनी' हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध. २०१२ साली लॉस एंजेलिस येथे ते निघाले. पैसे भरण्याच्या पानावर आपोआप कूपन शोधून लावणे हे त्याचे काम. २०१९ च्या नोव्हेंबरात पेपाल कंपनीने ते सुमारे ४ अब्ज डॉलरना घेण्याचे जाहीर केले आणि २०२० च्या जानेवारीत व्यवहार पुरा झाला. हे सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाला फुकट मिळते. फुकट वस्तूची एवढी किंमत का आली, याचा विचार त्या वेळी फार थोड्यांनी केला.

डिसेंबर २०२४ मध्ये 'मेगालॅग' नावाच्या यूट्यूब वाहिनीने एक व्हिडिओ प्रसिद्ध केला आणि मोठी खळबळ उडाली. त्यातील आरोप असा, की गिऱ्हाईक दुसऱ्याच्या लिंकवरून आलेले असले तरी पैसे भरताना हनी त्याची चिठ्ठी काढून स्वतःची बसवते, आणि कूपन सापडले नाही तरीही असे घडते. दुसरा आरोप असा, की दुकानदाराशी करार असल्यास त्याला नको असलेले मोठ्या सवलतीचे कोड गिऱ्हाइकापासून लपवले जातात. गंमत अशी, की ज्या यूट्यूबवाल्यांचे नुकसान होत असल्याचे सांगितले गेले, त्यांपैकीच अनेकांनी पैसे घेऊन हनीची जाहिरात केली होती. पेपालने आरोप नाकारले. शेवटच्या क्लिकला दलाली देणे हा या धंद्याचा सर्वमान्य नियम असून आपण तोच पाळतो, असे तिचे म्हणणे. त्यानंतर कॅलिफोर्नियातील न्यायालयात अफिलिएटचे काम करणाऱ्यांनी दावे दाखल केले. मार्च २०२५ मध्ये गूगलने आपल्या क्रोम ब्राउझरसाठी नियम कडक केले : गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष फायदा न देता एक्स्टेन्शनने स्वतःची दलालीची लिंक घुसवू नये.

'नियम असाच आहे' हे पेपालचे उत्तर नीट लक्षात घ्यावे. कोणी कुलूप तोडले नाही, हे कदाचित खरे असेल. कुलूपच अशा जागी लावलेले आहे, की शेवटी येणाऱ्याच्या हातात किल्ली जाते.

तथापि उघड लबाडीस शिक्षाही झालेली आहे. शॉन होगन नावाचा मनुष्य ईबे कंपनीचा मोठा अफिलिएट होता. लोकांनी लिंकवर बोट न ठेवताच त्यांच्या संगणकात त्याच्या चिठ्ठ्या गुपचूप भरल्या जात. २०१४ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने त्याला पाच महिन्यांची कैद सुनावली.

दयानतीचा प्रश्न

इस्लाममध्ये दलाली नाजायज नाही. इमाम बुखारी यांच्या हदीससंग्रहात दलालाच्या उजरतीवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि इब्ने सीरीन, हसन बसरी यांच्यासारख्या बुजुर्गांना तिच्यात हरकत वाटली नाही, अशी नोंद तेथे आहे. काम झाले तर अमुक मोबदला, या कराराला फिकहमध्ये 'जुआला' म्हणतात आणि त्याचा आधार सूरह यूसुफमधील हरवलेल्या पेल्याच्या प्रसंगात शोधला जातो : पेला जो आणून देईल त्याला उंटभर धान्य. विचार करण्यासारखी बाब ही, की तेथे मोबदला आणून देणाऱ्याला आहे. दरवाज्यात उभे राहून आणणाऱ्याच्या हातून घेणाऱ्याला नाही.

आपल्या भावाचा सौदा चाललेला असताना मध्ये पडून तो स्वतःकडे वळवू नये, हीही आपल्याला मिळालेली स्पष्ट शिकवण आहे. कूपनवाल्याचे प्रत्येक कमिशन यात बसते काय, हा फतव्याचा विषय आहे आणि तो आम्ही उलमांवर सोडतो. परंतु आपली जी मुले कूपनच्या टेलिग्राम वाहिन्या चालवतात, त्यांनी तरी न चालणारे कोड टाकून केवळ चिठ्ठी बसवण्याचा उद्योग करू नये. ती रोजी बरकतीची नाही.

आणखी एक इशारा. या धंद्यात सर्वांत मोठी दलाली बहुधा कर्ज आणि क्रेडिट कार्डांवर असते. व्याजाच्या दस्तऐवजात हातभार लावून मिळालेले पैसे घरात आणावेत काय, हे प्रत्येकाने आपल्या मनाला आणि आपल्या आलिमांना विचारावे.

काम करणाऱ्या मुलांनी काय करावे?

१) केवळ लिंकवर विसंबू नये. दुकानाकडून स्वतःच्या नावाचा कोड मागून घ्यावा. गिऱ्हाइकाने तुमचा कोड टाकला की कुकी कोणाचीही असली तरी विक्री तुमच्या नावे धरावी, अशी अट लेखी करून घ्यावी. गिऱ्हाइकाला सवलतही तेथेच मिळाल्यास तो कूपन शोधण्यास बाहेर जाणार नाही.

२) करारातील नियम वाचावेत. शेवटच्या चिठ्ठीला दलाली आहे काय, मुदत किती तासांची, परत आलेल्या मालाची दलाली कधी कापली जाते, हे आधी समजून घ्यावे.

३) मोठ्या कंपनीच्या टक्केवारीवर संसार उभा करू नये. ॲमेझॉनने एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील दर एका फटक्यात उतरवले. फर्निचरचे ८ टक्क्यांवरून ३ टक्के झाले. जवळच्या व्यापाऱ्यांशी थेट ठराव करावा आणि व्हिडिओच्या मेहनतीची रक्कम वेगळी घ्यावी.

४) शिफारशीचे पैसे मिळतात, हे उघड सांगावे. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. सांगितल्याने गिऱ्हाईक जात नाही, उलट भरवसा वाढतो.

५) दलालीवर कंपनी उगमस्थानी कर कापते. हा दर ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांवरून २ टक्के करण्यात आला. पॅन नंबर द्यावा, कापलेला कर तपासावा आणि विवरणपत्र भरून जो परत मिळण्याजोगा असेल तो मागावा. पुष्कळ मुले ही रक्कम सोडून देतात.

व्यापाऱ्यांनी काय करावे?

१) आपली साइट असल्यास पैसे भरण्याच्या पानावरची कूपनची रिकामी चौकट काढावी किंवा छोटी करावी. सवलत द्यायचीच असेल तर ती सर्वांना आपोआप लागू करावी.

२) कूपनवाल्यांना सरसकट तीच टक्केवारी देऊ नये. त्यांनी आणलेले गिऱ्हाईक नवीन असेल तरच पूर्ण दलाली, जुन्या गिऱ्हाइकावर कमी किंवा काहीच नाही, असा ठराव करता येतो. मोठी दुकाने असे ठराव करतात.

३) दलाली वाटणाऱ्या एजन्सीकडून दरमहा यादी मागावी : कोणती विक्री कोणाच्या नावे आणि लिंकवर बोट ठेवल्यापासून किती वेळात झाली. पैसे भरण्याच्या अर्धा मिनिट आधी उगवलेला दलाल या यादीत लगेच ओळखू येतो.

४) गावातील एखादा मुलगा वा मुलगी आपल्या मालाचे व्हिडिओ करत असेल, तर त्याच्या नावाची वेगळी वही ठेवावी. फोनवर ऑर्डर आली तरी विचारावे, 'आमचे नाव कोणाकडून कळाले?' आणि उत्तर मिळेल त्याच्या नावे दलाली लिहावी.

शेवटचा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मोठ्या कंपन्यांचे नियम बदलणे आपल्या हाती नाही. अमेरिकेतील दाव्यांमुळे काय बदलते, तेही काळच ठरवील. परंतु नगर, मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील आपले हजारो व्यापारी आता मोबाइलवर माल विकतात आणि त्यांचे नियम त्यांनी स्वतःच ठरवायचे आहेत. कापडाच्या ठोक बाजारात पार्टी दाखवणाऱ्याचे नाव बिलावर पहिल्या दिवशी लिहिण्याचा रिवाज आपल्या वाडवडिलांनी चालवला. संगणकाच्या बिलातही ती जागा ठेवता येते. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला तेवढे सांगावे लागेल.